पाटल्यांचं व्याज

आमी मूळचे रंगारी, आजोबा कापड रंगवायचे, त्यांच्या हाताची निळाई कधी गेली नाय म्हणतात, आता आमच्यात तो धंदा कुणी करत नाय, मी म्हैसूरजवळ नंजनगूडला कारखान्यात शिवणकाम करते, पहाटेची बस धरते. घरी मराठीच बोलतो, मध्येच कन्नड येतं, तेवढं समजून घ्या.

तर लेकीला नर्सिंगला घातलं, फीसाठी आईनं दिलेल्या पाटल्या सोनेतारण कंपनीत गहाण ठेवल्या. कर्ज यजमानांच्या नावावर, फोन नंबरही त्यांचाच. ते अगरबत्तीच्या कारखान्यात होते. ते पगार आणून माझ्या हातात द्यायचे, त्यातून किराणा, भाडं, आणि माझ्या पगारातून पाटल्यांचं व्याज मी त्यांच्याकडे द्यायची, हे भरून या म्हणून. दसऱ्याला साडी नाय घेतली, म्हटलं पाटल्या सोडवून त्याच घालू.

बोनस मिळाला तशी अर्धी रजा टाकून मी एकटीच सोडवायला गेले. काउंटरवरचा म्हणाला, अम्मा, हे सोनं कधीच लिलावात गेलं, व्याजच आलं नाय, कर्ज वळतं करून उरलेले पैसे तुमचे यजमान घेऊन गेले. मी म्हटलं, नाव नीट बघा. त्यानं परत बघितलं. काय सांगू तुम्हाला, मला खुर्ची दिसत होती पण बसता येईना.

तशीच त्यांच्या कारखान्यावर गेले, त्यांनाच विचारू म्हणून. वॉचमन म्हणाला, मशीन आली तेव्हाच त्यांना काढलं, तुम्हाला ठाऊक नाय?

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळेला आले, हातात डबा. मी म्हटलं, कुठून आलात? कामावरून, म्हणाले. मी म्हटलं, कुठल्या? त्यांनी डबा खाली ठेवला. मग बोलले, तू व्याजाला द्यायचीस तेच मी तुला पगार म्हणून द्यायचो, लिलावातले उरले तेही त्यातच गेले, कमी पडलं ते मंडईत पोती उचलून आणलं, वाटलं महिन्याभरात काम मिळेल, मग सांगायला तोंडच राहिलं नाय. म्हणजे बघा, नसलेल्या पाटल्यांचं व्याज मी भरत होते आणि त्यावरच घर चालवत होते. मी भांडणार होते. पण त्यांनी शर्ट बाजूला केला तर खांदा सोलून निघालेला, कंबर दुखते म्हणून ज्याला मी पाण्याची घागर उचलू देत नव्हते, तो माणूस. मी उठून हळद-तेल गरम केलं आणि त्या खांद्याला लावलं.

आता ते एका दुकानात हिशोबाला बसतात, पगार कमी आहे. बोनसचे पैसे लेकीच्या पुढच्या फीला ठेवलेत, परत कर्ज नको. पाटल्या गेल्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू, आईची तेवढीच वस्तू होती. ते पैसे हातात देतात तेव्हा अजून मी विचारते, हे कुठले? ते सांगतात, रागवत नाय. माझी धडधड मात्र जात नाय. जाईल हळूहळू. लेक शिकतेय, देव तिला बरं ठेवो.