पिठातली चावी

टोंगा बेटावरच्या नुकुअलोफाच्या दवाखान्यात लोसा नवऱ्यासाठी मधुमेहाच्या गोळ्या न्यायला बसली होती. त्याच्या पायाची जखम चिघळत चालली होती, पण ताटातला एक घास कमी करायला गडी तयार नव्हता. पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं, जोडीनं होडी वल्हवावी तसं बोलत होतं.

"सेइनी, डॉक्टरांना सांगून टाक, मी तारोचा कंद अर्धा केलेला नाही. पाहुण्यांदेखत अर्धं ताट? लोक म्हणतील, बायकोशी बिनसलंय."

"सांगते हो. शिगोशीग भरूनच वाढते मी."

"आणि चर्चला चालत जातो ते मोटार बिघडलीय म्हणून. व्यायाम म्हणून नव्हे!"

"नव्हेच मुळी."

"तरी साखर उतरली! आमचं रक्तच दांडगं."

"दांडगंच. उठा आता, तुमचा नंबर आला."

म्हातारा आत गेला, तशी लोसा पुढे सरकली.

"आजी, माझाही असाच हट्टी आहे हो. खरंच भरून वाढता?"

"भरूनच गं. ताटं तेवढी लहान आणलीत. नक्षी तीच."

"आणि मोटार?"

"मोटारीला काय धाड भरलीय! चावी पिठाच्या डब्यात आहे."

बोटावर कापूस दाबत म्हातारा बाहेर आला.

"आणखी उतरली, सेइनी! माझ्या पायाची जखमही सुकलीय म्हणाले. चल, चालतच जाऊ. चावी राहू दे पिठात."

"अगंबाई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"घरात पाव कोण भाजतं?"

"आणि ताटं?"

"ताटांचं काय?"

म्हातारीनं लगबगीनं पिशवी उचलली. लोसानं हळूच तिचा हात धरला.

"आजी, तेवढं दुकान सांगून जा."