दोघांच्या खेळाची पेटी

…आणि ग्राफिक्स कार्ड कशाला हवं, सांगा मला तुम्हीच! जुने खेळ ते, दोन माणसं पडद्यावर एकमेकांना बुक्क्या घालतात, संपलं. त्याला ग्राफिक्स कार्ड? पण दुकानात जाऊन बघा, "सार, आत्ताच घाला, उद्या उपयोगी पडेल." उद्या! तुम्हाला सांगतो, आमच्या विष्णुवर्धनाला उद्याचं काही पडलंच नव्हतं. त्याला फक्त आयुधपूजेचा दिवस दिसत होता. त्या दिवशी त्याचा थोरला भाऊ नरसिंह येणार होता, दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत, आणि मग मुलीकडे कॅनडाला… कायमचा.

हा विष्णुवर्धन म्हणजे इकडे तमिळ मुलखात, मेलकावेरीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा, पन्नाशी उलटलेला, भांड्यांच्या दुकानातला नोकर माणूस. शाळेत असताना हे दोघे भाऊ बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पडीक. नरसिंह डावीकडच्या दांड्यावर, हा उजवीकडच्या, आणि दर वेळी हरायचा हाच. एकदाही जिंकला नाही हो! म्हणून याच्या मनात आलं, तशीच पेटी घरात करायची, आत जुना कॉम्प्युटर, त्यात ते जुने खेळ चालवणारा एम्युलेटर, आणि अण्णा जायच्या आधी एक डाव. मोठं काही नको म्हणाला. "दोघांना खेळता आलं पाहिजे, बास."

मग सुरू झाली वणवण. एक शिकवणीचा क्लास बंद पडला होता, तिथला धूळ खाल्लेला कॉम्प्युटर उचलला. प्रोसेसर म्हातारा? असू दे, खेळही म्हातारेच आहेत. पडदा म्हणून कुणाच्या तरी माळ्यावरचा टीव्ही, वरच्या कोपऱ्यात हिरवा डाग. असू दे, त्या कोपऱ्यात कोण मारामारी करतंय? पॉवर सप्लाय मात्र स्वस्तातला घेऊ नका, असं झाडून सगळे सांगत होते, आणि याने नेमका तोच स्वस्तातला घेतला, का, तर वाचलेले पैसे जॉयस्टिकना! एक चांगली, एक बरी, असं सुद्धा नाही, दोन्ही उत्तम. मी म्हटलं, अरे, तुझी तरी साधी घे. तर म्हणे, हरलो तर निमित्त नको. "दोघांना खेळता आलं पाहिजे, बास."

आणि सुतार? नटराज. या माणसाने जन्मभर देव्हारे केलेले! गेमची पेटी सांगितली तर मान डोलावून गेला आणि घेऊन आला काय… दोन बाजूंना खांब, वर कमान, कमानीवर कळस. मीनाक्षीबाईंनी, म्हणजे याच्या बायकोने, दारातच चप्पल काढली हो!

पण चाललं ते. आदल्या दिवशी लावून बघितलं, पंखा घरघरला, चित्र आलं, बुक्की बसली. आता याच्या जिवाला घोर एकच, तो पॉवर सप्लाय ऐन वेळी दगा देणार. म्हणून सकाळी याने काय करावं? आयुधपूजा हो, तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात ती. विळी, सुरी, स्कूटरची किल्ली, सगळं पूजेला मांडतात. याने त्यातच पेटी मांडली. कमानीला झेंडूची माळ, दोन्ही जॉयस्टिकना गंध-कुंकू, कापूर ओवाळला, देवा, आजचा दिवस सांभाळ.

नरसिंह आला. पेटी बघून डोळे भरले त्याचे. विष्णुवर्धनाने बटणाकडे हात नेला आणि… तुम्हाला सांगतो, तेव्हा याच्या डोक्यात उजेड पडला. पूजेला बसवलेलं आयुध! दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं, आणि हा माणूस स्वतः गंध लावून बसलेला!

"राहूं दे, विष्णू," नरसिंह म्हणाला. "बाबांनीं या दिवशीं अडकित्त्यास तरी हात लावूं दिला काय?"

"अण्णा, एकच डाव. देवास सांगतों मी."

"नको रे. तूं एवढें केलास, तेंच पुरें."

मग त्याने डावीकडच्या दांड्यावर नुसता हात धरला, वरच्यावर, न टेकवता. कॉफी प्यायला. गेला गाडीला.

दसऱ्याला सकाळी पुन्हा पूजा झाली, बटण दाबलं, आणि काय सांगू… लोण्यासारखं चालतंय! तो पॉवर सप्लाय अजून ठणठणीत आहे, मेला. दोघांना खेळता येतं, बास. फक्त दुसरा खेळणारा कुठल्या जुन्या बाजारात मिळत नाही.

आता रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मला ती घरघर ऐकू येते. परवा डोकावलो, तर हा एकटाच, उजवा हात आपल्या दांड्यावर आणि डावा नरसिंहाच्या. डाव्या हाताने या माणसाला धड भात कालवता येत नाही, आणि तुम्हाला सांगतो… तरी नरसिंहच जिंकतो.