पाठकोरे कागद

...आणि नेमका तेव्हाच तिनं मिक्सर लावला! आता मला सांगा, माणसाच्या आयुष्यातली इतकी मोठी गोष्ट कुणी मिक्सरच्या तोंडी देतं का? म्हणजे मी काही भिंतीला कान लावून बसले नव्हते हं! मी आपली कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आमची नि शेजारणीची स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून, खिडक्या सताड उघड्या, आणि मी ओट्यावर चढून जळमटं काढत होते, मग कानात बोळे घालू का? तर भाऊजी, म्हणजे शेजारणीचा नवरा हो, तिला सांगत होते, "पुढच्या महिन्यापासून झेरॉक्स मशीन बंद. मॅडम म्हणतात, मशीन परवडत नाही. मशीन जाणार, आणि मशीनबरोबर मीही... जर का या महिन्यात..." घर्रर्रर्र!

जर का काय? अहो, जर का काय? रात्रभर डोळ्याला डोळा नाही! सव्वीस वर्षं हा माणूस त्या अर्ज-दाखल्यांच्या ऑफिसात झेरॉक्सवर उभा, पोरगी आत्ता कुठे कॉलेजात गेलेली, आणि या वयात घरी बसवणार? पण मी दहावी झालेली बाई, हिशेब कळतो मला. मशीनला काम नाही म्हणून मशीन जातंय ना? मग मशीनला काम द्या! सकाळी उठले ती सगळ्या बिल्डिंगीतून फिरले. बावीस बायका जमवल्या. म्हटलं, घरात जो कागद सापडेल तो घ्या आणि तीन-तीन प्रती काढा, माणूस वाचवायचाय! लाइटबिलं काय, लग्नाचे दाखले काय, एकीनं तर मांजराच्या इंजेक्शनचं कार्ड आणलं! माझ्याकडचे कागद संपले तशी मी ट्रंकेच्या तळातलं माझं शाळेचं प्रगतिपुस्तक काढलं आणि पालथं धरून भाऊजींच्या हातात दिलं. ऑफिसातली रांग पार जिन्यापर्यंत! आणि भाऊजी... घामाघूम, एकेकीपुढे हात जोडतायत. मला वाटलं, आभार मानतायत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारीण आली ती रडतच. "ताई, कुणाची नजर लागली हो? मॅडम म्हणाल्या होत्या, महिन्याला वीस रिमं जातात, या महिन्यात दहात भागवून दाखवा. मशीन जाईलच, पण तुम्हाला खिडकीवर ठेवून घेऊ, लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरायला. यांनी जीव काढला, ताई! पाठपोट छापलं, एकेकाला हात जोडले, 'दादा, एकच प्रत पुरे.' आठ रिमांवर आणलं होतं. आणि दोन दिवसांत कुठल्या भवान्या येऊन दीड रिम फस्त करून गेल्या, हे नावंसुद्धा सांगत नाहीत!"

कुठल्या भवान्या! पायाखालची जमीन सरकली हो माझ्या! उरलं अर्धं रिम, म्हणजे अडीचशे कागद, आणि महिन्याचे दिवस चार. नवं रिम फोडलं की भाऊजी घरी. कबूल करायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा टाकू?" मी आपली कुणाच्या अध्यात ना मध्यात... पण आता गळ्यापर्यंत बुडाले होते ना!

लगेच पिशवी घेऊन दारोदार. "आण गं त्या प्रती परत." "अहो ताई, कालच तर तुम्ही..." "प्रश्न नकोत, प्रती आण!" माझे धरून सातशे कागद जमवले, सगळे पाठकोरे. भाऊजींपुढे ठेवले आणि खाली मान घालून म्हटलं, "सगळ्यांना पाठवणारी ती मुख्य भवानी मीच." भाऊजींनी चष्मा पुसला. मग एक कागद उलटून कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, "वहिनी, मागची बाजू चांगली आहे." ऑफिसचं आतलं कच्चं काम त्या पाठीवर सुरू झालं, आणि उरलेले कागद कापून रांगेच्या नंबरांच्या चिठ्ठ्या.

आणि चार दिवस मी ऑफिसच्या दारात! "काय काम? दाखवा पाहू. ओळखपत्राची प्रत कशाला, फोनमध्ये फोटो आहे ना? तोच खिडकीवर दाखवा, चालतो! आणि जाताना पंखा बंद करा, तुमच्या डोक्यावरचा!" लोक म्हणायचे, "या बाई कोण?" म्हटलं, शेजारीण.

शेवटचा दिवस, पाच वाजायला दहा मिनिटं, मशीनवर चौदा कागद. आणि एक गृहस्थ आले, बगलेत ही जाडजूड थप्पी! "पन्नास पानं आहेत, सगळ्यांची प्रत हवी." भाऊजी पांढरेफटक. आतून मॅडम बघतायत. मी थप्पी अशी ओढली ना... आणि वाचली! पुटपुटत नव्हे, घडाघडा! घराची कागदपत्रं, भावाभावांची भांडणं, सगळं! "अहो, खिडकीवर पहिलं पान आणि सहीचं पान लागतं, चार दिवस ऐकतेय मी! भाऊजी, एकाच कागदावर, पाठपोट!"

तेरा उरले. मॅडमनी स्वतः मोजले, दोनदा.

तर मिक्सरनं खाल्लेली बातमी निम्मी खरी निघाली. मशीन गेलं, भाऊजी राहिले. आता खिडकीत बसतात, चष्मा पुसतात, एका बोटानं टाइप करतात. शेजारीण परवा मिठी मारून रडली. सगळं छान झालं म्हणा...

फक्त काल तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई ऑफिसातून आल्या. त्यांना चिठ्ठी मिळाली होती, नंबर सतरा. त्यांनी ती उलटी करून बघितली. दुसऱ्याच्या कागदाची पाठ कुणी बघतं का हो? काय ही सवय! भर जिन्यात मोठ्यानं वाचून दाखवली मेलीनं: "इयत्ता सातवी. गणित, शंभरपैकी अकरा. नापास."

आणि अजून दोन प्रती कुणाकुणाच्या खिशात फिरतायत, देव जाणे. तीन काढा, असं मीच सांगितलं होतं ना!