विहिरीतला स्फटिक आणि उगारलेला नारळ

शेजारच्या रूपालीचं वर्ष माझ्या हातून बुडता बुडता कसं वाचलं, ते ऐका. पोरगी कॉलेजात दगडांचा अभ्यास करते. त्यांच्या नव्या विहिरीच्या खडकात पांढरेशुभ्र, टोकदार स्फटिक निघाले. परीक्षेत दाखवायचा म्हणून तिनं त्या स्फटिकांचा एक दगड धुऊन कठड्याजवळ वाळत ठेवल्ता. मला काय माहीत! मला वाटलं, विहिरीला पाणी लागलं म्हणून देव मांडला. मी हळदकुंकू वाहिलं, चार बायका बोलावल्या आणि दगडावर फोडायला नारळ उगारला.

“काकू, थांबा! एक टोक तुटलं तरी परीक्षा गेली माझी!” रूपाली ओरडत आली.

“उगारलेला नारळ माघारी घेत न्हाईत, पोरी,” मागून एक बाई म्हणाली.

माझा हात तसाच वर. रूपालीनं दगड उचलून छातीशी धरला आणि एकेक टोक बोटानं चाचपलं.

“शाबूत हाय सगळं,” ती म्हणाली. मंग माझ्या हातातला नारळ घेऊन तिनंच कठड्यावर एका दणक्यात फोडला आणि पहिला तुकडा माझ्यापुढं धरला. “घ्या काकू, अन् खाली बसा. नारळ बी फुटला अन् परीक्षा बी वाचली.”