बाहेर पक्षी

...आणि वर म्हणायचं, काही करू नका, नुसता श्वास बघा! तुम्हाला सांगतो, आत बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन चाललंय, बाहेर आपण लीड्सच्या हॉस्पिटलात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि श्वास बघा म्हणे. मी जन्मभर इथं बस चालवली. आरशात बघितलं, सिग्नलकडे बघितलं, फुकट चढणाऱ्या पोरांकडे बघितलं... श्वासाकडे कोण कशाला बघेल? तो असतोच की!

पण नात ऐकेना. आमची दिया. युनिव्हर्सिटीत मेंदूवर शिकते आणि रविवारी बुद्धांच्या सेंटरला ध्यानाला जाते, म्हणजे डोकं दोन्हीकडून धरलेलं. मला बीपी, म्हणून ऑपरेशनच्या आधी महिनाभर तिनं मला रोज बसवलं. "आजोबा, ब्रेनमध्ये एक बदामासारखा पार्ट असते. ती भीतीची अलार्म आहे. श्वास स्लो केला की अलार्म क्वाएट होते." आता मधुमती, म्हणजे आमची ही, लग्नापासून रोज सकाळी मला भिजवलेले बदाम सोलून देते, डोकं चालावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी वाटी सरकवली. म्हटलं, डोक्यातल्या बदामाला उगाच कशाला खाऊ घाला? ही मात्र बदाम सोलून ठेवत राहिली... ऑपरेशनला निघायच्या सकाळीसुद्धा.

तर त्या खुर्चीवर दियानं माझ्या कपाळाला एक पट्टा बांधला. तो मेंदूचं ऐकतो आणि फोनला कळवतो. मन शांत असलं की फोनमध्ये पक्षी बोलतात, नसलं की वादळ. झालं! सगळ्या वेटिंग रूममध्ये माझं वादळ. समोरची बाई छत्री चाचपायला लागली. श्वास बघा म्हणे, पण सापडेल तर ना! दार उघडलं, वादळ. ट्रॉली गेली, वादळ. निळ्या टोपीचा एकजण बाहेर आला, थेट आमच्याकडे बघितलं... आणि कॉफीच्या मशीनकडे गेला. फोन असा कडाडला की दियानं घाईनं आवाज कमी केला. "आजोबा, थॉट आला तर येऊ दे. परत श्वासाकडे या."

परत कुठल्या श्वासाकडे? माझा तर छातीत अडकलेला. मग म्हटलं, हिचा बघू. दुपारी जेवून सोफ्यावर आडवी झाली की ही घोरते ना... आधी बारीक शिट्टी, मग एकदम थांबते, मग मी पेपर खाली करून बघतो, मग मोठ्ठा खर्रर्र. डोळे मिटले आणि तेच ऐकत बसलो. शिट्टी... थांबली... पेपर खाली... अजून थांबलेलीच... खर्रर्र. आणि तुम्हाला सांगतो, फोनमध्ये चिमणी बोलली.

सर्जननं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा फोनमध्ये अख्खं रान किलबिलत होतं. ही सुखरूप होती.

आता गप्प बसावं की नाही? पण ही घरी आली तशी दियानं कौतुकानं फोनमधला आलेख पुढे केला, "आजी, बघ, आजोबा किती शांत!" हिनं आलेख बघितला. मग मला बघितलं.

"म्हणजे आत माझी छाती उघडून ठेवलेली, आणि बाहेर तुमचे पक्षी?"

काय सांगू? खरं कारण सांगावं, तर ही म्हणणार, मी घोरतच नाही. लग्नापासून तेच म्हणत आलीय. टाके अजून ओले, वाद कशाला... मी आपला खाली मान घालून तिच्यासाठी बदाम सोलत राहिलो. श्वास बघत.