आयाळ बघून लावलेली जोडी

...आणि वर मलाच विचारते, "बाबा, या शिंगराला घर कोण देणार?" घर! अहो, मोबाईलच्या गेममधलं शिंगरू ते, बोटाएवढं! खोटाच घोडा हो! मान हलवू नका, कानाशी वस्तरा आहे... तर तुम्हाला सांगतो, लेकीला ताप आला म्हणून तिची घोडी दोन दिवस सांभाळायला घेतली, तिथेच चुकलं माझं. दाणा घातला, पाणी दाखवलं, खरारा केला... आणि शेजारच्या तबेल्यात एक घोडा दिसला. काय आयाळ, काय आयाळ! तीस वर्षं केस कापतोय, पण असे केस नाही पाहिले. दिली जोडी लावून!

लेक उठली, वंशावळ उघडली आणि पांढरीफटक पडली. "बाबा, तो तिचा सख्खा भाऊ आहे!" आता आयाळीवर लिहिलेलं असतं का हो? शिंगरू झालं, तर त्याचा पुढचा पाय वाकडा निघाला. "जन्मभर लंगडणार ते! चार पिढ्या बघायच्या, दोघांचे पाय तपासायचे, आधी घर ठरवायचं आणि मग जोडी लावायची!" रडली हो पोर. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. खोटाच घोडा हो, पण अबोला खरा ना!

मग मी इथेच, याच खुर्चीत, गिऱ्हाइकांना गळ घातली, तुमच्या मोबाईलवर या शिंगराला घर द्या म्हणून. गळ्याशी वस्तरा असताना नाही कोण म्हणणार? सात जण तयार झाले! तर ही बया प्रत्येकाला फोन लावून मुलाखत घेते. "काका, दिवसातून किती वेळा दाणा घालाल? लंगडं म्हणून टाकून तर नाही ना देणार?" बँकेतले मोठे साहेब, अहो, त त प प करायला लागले! सातच्या सात नापास.

शेवटी मीच अर्ज भरला. तर बापाचीही मुलाखत! "पूर्वी कधी विचार न करता पैदास केली आहे?" खाली मान घालून हो म्हटलं. अर्ज पुन्हा वरून खाली वाचला, मग म्हणाली, "महिनाभर बघते. रोज अकराला दाणा." अकराला! ऐन गर्दीत! पण खरं सांगू? इतकं हायसं वाटलं मला...

अरे, अकरा वाजले! थांबा हं, अर्धी दाढी राहू द्या तशीच. साबण वाळला तर वाळू दे... खोटाच घोडा हो, पण लंगडत लंगडत दाराशी येऊन उभं राहतं ते. त्याला कसं ताटकळत ठेवणार? तुमचं काय, तुम्ही खरे आहात, थांबाल!