बाबा आणि मी, दोघं त्याला शोधायला निघालो

मी मंगल, जन्म लालबागच्या चाळीतला, आणि तोही संपातला. आईच्या पोटात होते तेव्हा गिरणी बंद पडली, बाबा तिथं साच्यावर कापड विणायचे, मालवणला गावी जायचं की इथंच राहायचं यातच माझं बारसं उरकलं. पुढं बाबांना काय परत घेतलं नाही, त्यांनी भाजीची गाडी लावली, आता मी पोळीभाजी केंद्र चालवते. भाऊ नाही, बहीण नाही, एकटीच मी, लाड किती म्हणून काय सांगू तुम्हाला, संपातसुद्धा मला दूध आणि बाबा स्वतः कोरा चहा प्यायचे.

तर मागं माझ्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यातून येतं, कोणाला आहे का? मी म्हटलं छे, आमचे बाबा या वयात सुईत दोरा ओवतात. घरी येऊन हसत हसत हेच सांगितलं, तर आईचा भाकरी थापता थापता हात थांबला. बोलले ते बाबाच. म्हणाले, गो मंगल, तू माजीच, पण रगत माजा नाय. लग्नाला वर्षं झाली तरी मूल होईना, दोष बाबांच्यात, मग गिरगावातल्या एका डॉक्टरनं दुसऱ्या कोणाचंतरी बीज घेऊन आईवर उपाय केला. नाव विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं.

खोटं कशाला सांगू, मी रडलेबिडले नाही, मला पहिलं कुतूहलच वाटलं. कसा असेल तो, उंच असेल, माझ्यासारखा बडबड्या असेल? पण बाबांसमोर विचारू कशी? तर तेच म्हणाले, चल गिरगावात, माका पण बघूचो आसा तो.

गेलो दोघं. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान. डॉक्टर कधीच वारलेले, वरच्या मजल्यावर त्यांची सून भेटली, ती म्हणाली, तेव्हा डॉक्टरकी शिकणारी पोरं यायची बीज द्यायला, नावं कोण लिहून ठेवतंय. येताना बाबा रस्त्यातल्या दर म्हाताऱ्याकडं निरखून बघायचे आणि मला कोपरानं ढोसायचे, ह्यो बघ गो, नाक तुजाच. मी हसून हसून बेजार.

मग माझ्या नवऱ्यानं ती थुंकी पाठवून रक्ताचे नातेवाईक जुळवायची तपासणी शोधून काढली. बाप नाही सापडला, बहीण सापडली! स्मिता, वडाळ्याला शिक्षिका, तिला तिच्या आईनं आधीच सांगितलेलं, तीही शोधतच होती. दादरला हॉटेलात भेटलो, तर दोघींनी एकदमच मिसळीतला कांदा बाजूला सारला, आता असलं काय रक्तात असतं का, पण आम्हाला केवढं नवल. मी पहिलं विचारलं, डोळे तपासलेस का गं? ती म्हणाली, हे काय विचारणं झालं! पण गेली दाखवायला, आणि सुरुवात निघाली की हो. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले, आता ती थेंब घालते.

तिला घरी आणली. तिनं बाबांना सरळच विचारलं, काका, तुम्हाला त्याचा राग नाही येत? बाबा म्हणाले, राग कसलो? गिरणी गेली, सोबतवाले गावाक गेले, ह्या माजा चेडू, मंगल, नसता तर मी सकाळी उठान कोणासाठी राबलंय असतंय? मग आईला म्हणाले, हिकापण वाढ.

आता स्मिता दर रविवारी येते. तो अजून सापडला नाही, आम्ही शोधतोच आहोत. बाप म्हणायला नको त्याला, बाप मला आहे. पण कुठं असेल तिथं सुखात असू दे, आणि कोणीतरी त्याच्या कानावर घाला, दोन मुली आहेत तुझ्या, बऱ्या आहेत.